अग्निपहारा

आगीचा शोध घेणारी, तिचा इशारा देणारी किंवा ती विझविणारी इमारतीतील यंत्रणा बंद पडली असता, ती पूर्ववत सुरू होईपर्यंत माणसांनी प्रत्यक्ष जागेवर राहून ठेवावयाच्या अखंड पाळतीस अग्निपहारा म्हणतात. असा पहारा ठेवण्याची, त्यासाठी योग्य माणसे नेमण्याची व त्याचा खर्च सोसण्याची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची असते. अग्निशामक दलाची नसते. वेल्डिंग, धातू कापणे यांसारखी ठिणग्या उडविणारी कामे चालू असताना, तसेच मोठ्या जनसमुदायाच्या कार्यक्रमांतही अग्निपहारा ठेवतात. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः यंत्रणा बंद पडल्यानंतरच्या पहाऱ्याचा विचार केला आहे.

नेहमीचा रखवालदार आणि अग्निपहारेकरी यांच्या कामात मूलभूत फरक आहे. रखवालदाराचे लक्ष बाहेरून येणाऱ्या माणसाकडे असते व त्याची जागा बहुधा फाटकापाशी असते. अग्निपहारेकऱ्याचे लक्ष इमारतीच्या आतल्या बाजूस, विशेषतः जेथे सहसा कोणी जात नाही अशा जागांकडे असावे लागते : विजेच्या फलकांच्या खोल्या, तळघरे, पोटमाळे, कचरा साठविण्याच्या जागा, उद्‌वाहनाच्या यंत्रांची खोली. त्याचे काम आग विझविण्याचे नसून आग लहान असतानाच तिचा सुगावा लावणे, अग्निशामक दलास कळविणे आणि इमारतीतील माणसांना सावध करणे, एवढेच असते. बंद पडलेल्या यंत्रणेपैकी शोधकाचे व इशाऱ्याचे काम माणूस काही प्रमाणात करू शकतो. पाणी फवारण्याचे काम तो करू शकत नाही. या मर्यादेवरच अग्निपहाऱ्यासंबंधीचे सर्व नियम उभारलेले आहेत.

यंत्रणा बंद असण्याचे प्रकार : काही वेळा यंत्रणा हेतुपुरस्सर बंद करावी लागते. उदा., स्प्रिंकलर या नावाने परिचित असलेल्या तुषार यंत्रणेच्या नळांत नवीन जोड द्यावयाचा असल्यास मुख्य झडप बंद करून नळ रिकामे करतात. किंवा अंतर्गत बांधकामाच्या धुळीने धूरशोधक वारंवार वाजू नयेत म्हणून ते झाकून ठेवतात. अशा वेळी काम केव्हा सुरू होणार व केव्हा संपणार हे आधी माहीत असते आणि तयारीस अवधी मिळतो. दुसऱ्या प्रकारात पंप जळणे, नळ फुटणे, विद्युत् पुरवठा खंडित होणे, टाकीतील पाणी संपणे अशा कारणांनी यंत्रणा अकस्मात निकामी होते.

याहून घातक असा तिसरा प्रकार आहे. यात यंत्रणा बंद असते, परंतु ती चालू आहे अशी सर्वांची समजूत असते. गळती थांबविण्यासाठी कोणी एकाने बंद केलेली झडप दुरुस्तीनंतर उघडण्याचे राहून जाते. खोट्या इशाऱ्यांना कंटाळून नियंत्रण-फलकाची घंटा मुकी केली जाते. पंपाची कळ ‘स्वयंचलित’ या खुणेवरून ‘हस्तचलित’ या खुणेवर आणून तशीच ठेवली जाते. आपल्याकडे यात आणखी एका बाबीची भर पडते; जिन्यातील पाणनळाच्या पेटीतून पितळी तोटी नाहीशी होते व काचेआड केवळ गुंडाळलेला होज राहतो. अमेरिकेतील अभ्यासांत तुषार यंत्रणेने काम न केल्याच्या निम्म्याहून अधिक घटनांत यंत्रणा सदोष नव्हती, तर तिचा पाणीपुरवठाच बंद करून ठेवलेला होता, असे आढळले आहे. अशा इमारतीत अग्निपहारा ठेवला जात नाही. कारण तो ठेवण्याची गरज आहे हेच कोणास ठाऊक नसते. म्हणून मालकाचे पहिले कर्तव्य पहारा नेमण्याचे नसून यंत्रणेची खरी स्थिती सतत जाणून घेण्याचे आहे.

इतिहास : स्वयंचलित साधने येण्यापूर्वी सर्वच अग्निसंरक्षण पहाऱ्यावर अवलंबून होते. रोममध्ये ऑगस्टस बादशहाने इ. स. ६ मध्ये रात्रीच्या गस्तीसाठी ‘व्हिजिलेस’ नावाचे ७ तुकड्यांचे दल उभारले. आग शोधणे व विझविणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे होती. मध्ययुगीन यूरोपात चर्चच्या किंवा नगराच्या मनोऱ्यावर पहारेकरी असत. स्वित्झर्लंडमधील लोझॅनच्या कॅथीड्रलच्या मनोऱ्यावरून रात्रीचे तास पुकारण्याची, १४०५ पासूनची प्रथा आजही चालू आहे. मात्र तिचे स्वरूप आता सांस्कृतिक आहे. एकोणिसाव्या शतकात गिरण्या व गोदामे यांत रात्रपाळीचे पहारेकरी ठेवीत. पहारेकरी प्रत्येक ठरावीक जागी जाऊन आला किंवा नाही हे समजण्यासाठी पहाऱ्याचे घड्याळ वापरात आले. गस्तीच्या मार्गावर जागोजागी साखळीने बांधलेल्या किल्ल्या असत व पहारेकऱ्याने आपल्याजवळील घड्याळात ती किल्ली फिरविली की कागदावर वेळेची खूण उमटे. माणूस तेथे पोहोचला हे त्यावरून सिद्ध होई. त्याने तेथे नीट पाहिले हे अर्थातच सिद्ध होत नसे. हीच उणीव आजच्या इलेक्ट्रॉनिक खुणांच्या पद्धतीतही कायम आहे.

हेन्‍री पार्मली यांनी १८७४ मध्ये अमेरिकेत न्यू हेवन येथे तयार केलेल्या व पुढे फ्रेडरिक ग्रिनेल यांनी सुधारलेल्या स्वयंचलित तुषारकामुळे परिस्थिती पालटली. छतालगतच्या हवेचे तापमान ठरावीक मर्यादेपर्यंत, हल्ली सामान्यतः ६८° से.पर्यंत, वाढले की त्या जागेपुरता तुषारक आपोआप उघडतो आणि आगीवर पाणी पडू लागते. विमा कंपन्यांनी अशा इमारतींस सवलतीचे दर देऊ केल्याने यंत्रणेचा प्रसार झाला [→ विमा]. परंतु त्याबरोबरच इमारतींची रचना, त्यांतील मालाचा साठा व माणसांची संख्या ही सर्व यंत्रणा चालू असेल असे गृहीत धरून ठरू लागली. यंत्रणा बंद पडली की हे गृहीतच नाहीसे होते; इमारत मात्र तशीच राहते.

मालकाच्या गैरहजेरीचे परिणाम दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये मोठ्या प्रमाणावर दिसून आले [→ महायुद्ध, दुसरे]. २९ डिसेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी लंडनच्या जुन्या व्यापारी भागावर आग लावणाऱ्या बाँबचा वर्षाव केला. हे बाँब सु. १ किग्रॅ. वजनाचे असत. छपरावर हजर असलेला माणूस वाळूने किंवा स्टिरप पंप नावाच्या लहान हातपंपाने पहिल्या काही मिनिटांत असा बाँब निकामी करू शके. परंतु तो रविवार होता. कचेऱ्या, गोदामे व अनेक चर्चे कुलूपबंद होती आणि पुष्कळ छपरांवर कोणीच नव्हते. बाँबहल्ल्यात जलवाहिन्या फुटल्या, टेम्स नदीला ओहोटी होती, त्यामुळे पाणी अपुरे पडले व आगी एकमेकींत मिसळल्या. याच भागात सेंट पॉल कॅथीड्रल स्वयंसेवकांच्या संघटित पहाऱ्यामुळे वाचले. घुमटाच्या शिशाच्या आच्छादनात रुतलेला एक बाँब सज्जात पडला व तो तेथेच विझविण्यात आला. मोठ्या कार्यस्थळांवर पहारा ठेवण्याचा आदेश ब्रिटिश सरकारने १९४० मध्येच दिला होता, पण तो पुरेसा ठरला नव्हता. या रात्रीनंतर जानेवारी १९४१ मध्ये व्यापारी वास्तूंसाठी अग्निपहारा सक्तीचा करण्यात आला.

त्यानंतर सु. वर्षभराने न्यूयॉर्क बंदरात दुसरी उद्‌बोधक घटना घडली. ‘नॉर्मंडी’ या फ्रेंच प्रवासी जहाजाचे सैनिकी वाहतुकीसाठी रूपांतर चालू असताना ९ फेब्रुवारी १९४२ रोजी धातू कापण्याच्या ज्योतीमुळे तेथे रचून ठेवलेल्या जीवरक्षक जाकिटांच्या ढिगाने पेट घेतला. या जहाजावर त्या काळातील अत्यंत प्रगत अग्निशोधक यंत्रणा होती. परंतु कामाच्या धांदलीत ती जोडणीतून काढलेली होती. जहाजाची खडान्‌खडा माहिती असलेले मूळचे फ्रेंच कर्मचारी निघून गेले होते. आग विझविण्यासाठी ओतलेल्या पाण्याच्या भाराने जहाज दुसऱ्या दिवशी पहाटे गोदीतच कलंडले. यंत्रणा बंद असणे आणि त्याच वेळी ठिणग्या उडविणारे काम चालू असणे, हा योग टाळावा असे आजचे नियम आग्रहाने सांगतात, त्यामागे असे अनुभव आहेत.

कायदे व मानके : यंत्रणा बंद असतानाच्या काळासंबंधीचे सर्वांत तपशीलवार नियम अमेरिकेत आढळतात. तेथील राष्ट्रीय अग्निसंरक्षण संस्था (स्थापना १८९६) विविध मानके प्रसिद्ध करते व राज्ये आणि नगरपालिका ती कायद्याने स्वीकारतात. या मानकांप्रमाणे आगीच्या इशाऱ्याची यंत्रणा २४ तासांच्या अवधीत ४ तासांहून अधिक किंवा तुषार यंत्रणा १० तासांहून अधिक काळ बंद राहणार असल्यास विशेष उपाय योजावे लागतात. इमारत किंवा तिचा बाधित भाग रिकामा करणे, मान्यताप्राप्त अग्निपहारा ठेवणे, तात्पुरत्या पाणीपुरवठ्याची सोय करणे, तसेच आग लागण्याची कारणे दूर करून ज्वलनशील मालाचा साठा मर्यादित करणे, असे पर्याय तुषार यंत्रणेच्या बाबतीत दिलेले आहेत. या यादीत इमारत रिकामी करण्याचाही पर्याय आहे, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. पहारा हा इमारत वापरात ठेवता यावी म्हणून मिळणारी सवलत आहे. कमीत कमी खर्चाचा उपाय म्हणून त्याची निवड करणे नियमांस अभिप्रेत नाही.

अमेरिकेतच प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय अग्निसंहितेत दोन अटी स्पष्टपणे घातल्या आहेत. पहारेकऱ्याजवळ अग्निशामक दलास कळविण्याचे निदान एक मान्य साधन असले पाहिजे, आणि इमारतीत सतत गस्त घालून आगीवर लक्ष ठेवणे हे त्याचे एकमेव काम असले पाहिजे. दुसऱ्या अटीचे उल्लंघन फार सहज होते. दारावरच्या माणसालाच ‘जरा वर एक फेरी मारून ये’ असे सांगितल्याने दार आणि इमारत या दोन्हींकडे दुर्लक्ष होते. न्यूयॉर्क शहरात अशा पहारेकऱ्यांस अग्निशामक दलाकडून परीक्षा घेऊन पात्रतेचा दाखला दिला जातो. ठिणग्या उडविणाऱ्या कामांसाठीच्या मानकात काम संपल्यानंतरही पहारा चालू ठेवण्याचा किमान काळ पूर्वी ३० मिनिटे होता. तो २०१९ च्या आवृत्तीत ६० मिनिटे करण्यात आला. भिंतीच्या फटीत किंवा भुशात शिरलेली ठिणगी बराच वेळ धुमसत राहून मग पेट घेते, हे त्याचे कारण होय.

महाराष्ट्रात या विषयाचा मुख्य आधार म्हणजे महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा होय. त्याची अंमलबजावणी डिसेंबर २००८ मध्ये सुरू झाली. अग्निसुरक्षेच्या उपाययोजना करणे आणि त्या सदैव सुस्थितीत व कार्यक्षम ठेवणे ही जबाबदारी या अधिनियमाने मालकावर किंवा भोगवटादारावर टाकली आहे. उपाययोजना सुस्थितीत असल्याचे लायसन्सप्राप्त अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी व जुलै महिन्यांत, सादर करावे लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थांमध्ये हे काम व्यवहारतः व्यवस्थापक समितीकडे येते. प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसाची स्थिती सांगते. फेब्रुवारीत जळालेला पंप जुलैपर्यंत कोणाच्या लक्षात आला नाही, तर जानेवारीचे प्रमाणपत्र फायलीत निर्दोषच राहते. मधल्या काळातील रहिवाशांचे संरक्षण मात्र झालेले नसते. मुंबईतील काही उत्तुंग इमारतींस लागलेल्या आगींच्या वेळी आतील अग्निशामक यंत्रणा चालू स्थितीत नसल्याचे अग्निशामक दलास आढळले आहे. इतक्या उंचीवर बाहेरून पाणी पोहोचविण्यास मर्यादा असल्याने आतील यंत्रणा हीच तेथे दलाचीही यंत्रणा असते.

मालकाची कर्तव्ये : यंत्रणा बंद पडल्याचे कळताच मालकाने अग्निशामक दल, विमा कंपनी, इशारा-यंत्रणेवर दुरून देखरेख ठेवणारी संस्था असल्यास ती, आणि इमारतीतील सर्व भोगवटादार यांना कळवावे लागते. यांतील शेवटच्या घटकास कळविण्याची बहुधा टाळाटाळ होते. रहिवासी घाबरतील, भाडेकरू तक्रार करतील किंवा संस्थेची नाचक्की होईल, अशी त्यामागची भीती असते. परंतु रात्री धुराचा वास आला असता ‘घंटा वाजली नाही, म्हणजे काळजीचे कारण नाही’ असा तर्क करणारा रहिवासी हा अशा न दिलेल्या सूचनेचाच बळी ठरण्याचा संभव असतो.

अमेरिकन मानकांत बंद यंत्रणेच्या काळासाठी एक जबाबदार समन्वयक नेमण्याची तरतूद आहे. मालकाने कोणास नेमले नाही, तर तो स्वतःच समन्वयक समजला जातो. बंद केलेल्या झडपेवर, पंपावर व अग्निशामक दल ज्या जोडातून पाणी सोडते त्या ठिकाणी ठळक चिठ्ठी बांधून कोणता भाग केव्हापासून बंद आहे हे लिहितात. हा उपाय क्षुल्लक वाटतो, पण त्याचे दोन उपयोग आहेत. बाहेरून येणाऱ्या दलाचा निष्फळ खटपटीत वेळ जात नाही आणि दुरुस्तीनंतर झडप बंदच राहण्याची शक्यता कमी होते. नियोजित दुरुस्तीच्या बाबतीत सुटे भाग, अवजारे व कामगार जागेवर आल्याखेरीज झडप बंद करू नये, तसेच शक्य असेल तेथे संपूर्ण यंत्रणेऐवजी तिचा लहानात लहान भाग बंद करावा, असा संकेत आहे. या काळात वेल्डिंग व तत्सम कामे थांबवितात, कचरा व रिकामी खोकी हलवितात, जिने व बाहेर पडण्याची दारे मोकळी असल्याची खात्री करून घेतात.

पहारेकऱ्याचे काम : पहाऱ्यास उभे करण्यापूर्वी पहारेकऱ्यास सर्व इमारत फिरून दाखविणे आवश्यक असते. नकाशा दाखविणे पुरेसे नसते. प्रत्येक कुलपाची किल्ली, विजेरी, दूरध्वनी किंवा बिनतारी संच, इमारतीचा संपूर्ण पत्ता व जवळची खूण लिहिलेला कागद त्याच्याजवळ असावा लागतो. शेवटची बाब अगदी प्राथमिक वाटली, तरी भेदरलेल्या माणसास स्वतः रोज येतो त्या जागेचा पत्ताही सांगता येत नाही, हा दलाच्या नियंत्रण-कक्षांतील सर्वसाधारण अनुभव आहे. तळघरात किंवा उद्‌वाहनाच्या कूपकाजवळ भ्रमणध्वनी चालत नसेल, तर ते आधीच तपासून दुसरी सोय करावी लागते. फेरीचा मार्ग दर वेळी तोच ठेवण्याऐवजी दिशा बदलतात. प्रत्येक फेरीची वेळ व आढळलेल्या गोष्टी नोंदवहीत त्याच वेळी लिहितात. पाळी संपताना एकदम भरलेल्या नोंदी निरुपयोगी असतात. सलग जागरणाने माणसाची सावधता झपाट्याने घटते, विशेषतः पहाटेच्या सुमारास. म्हणून पाळ्या आखूड ठेवतात आणि पुढचा माणूस प्रत्यक्ष आल्याशिवाय आधीचा जागा सोडत नाही.

आग किंवा धूर दिसताच करावयाच्या कृतींचा क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम अग्निशामक दलास कळवावयाचे, त्याचबरोबर इमारतीतील माणसांना सावध करावयाचे आणि त्यानंतरच, आग लहान असेल व पाठीमागची वाट मोकळी असेल तर, हातातील उपकरणाने ती विझविण्याचा प्रयत्न करावयाचा. हा क्रम उलटा झाल्याचे विदारक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील ‘वन मेरिडियन प्लाझा’ या ३८ मजली इमारतीतील आग होय. २३ फेब्रुवारी १९९१ च्या शनिवारी रात्री २२ व्या मजल्यावर जवसाच्या तेलात भिजलेल्या चिंध्या आपोआप पेटल्या. इशारा मिळताच इमारतीचा अभियंता खात्री करून घेण्यासाठी उद्‌वाहनाने थेट त्याच मजल्यावर गेला आणि दार उघडताच धुरात सापडला. त्याने बिनतारी संचावरून तळमजल्यावरील रक्षकास कळविल्यावर उद्‌वाहन खालून नियंत्रित करून उतरविण्यात आले, म्हणून तो वाचला. देखरेख संस्थेने दूरध्वनी केला तेव्हा तिला तपास चालू असल्याचे सांगण्यात आले. एवढ्या काळात इमारतीतील कोणीही अग्निशामक दलास कळविले नव्हते. पहिली वर्दी रस्त्यावरून जाणाऱ्या एका वाटसरूने दिली. पुढे इमारतीतील वीज गेली, आपत्कालीन जनित्र चालू झाले नाही, पाणनळांवरील दाबनियंत्रक झडपा चुकीच्या प्रमाणावर बसविलेल्या असल्यामुळे होजांना पुरेसा दाब मिळाला नाही. ३ अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. आठ मजले जाळून आग ३० व्या मजल्यावर थांबली, ती तेथील भाडेकरूने बसवून घेतलेल्या तुषार यंत्रणेच्या अवघ्या १० तुषारकांमुळे.

पॅरिसच्या नोत्रदाम कॅथीड्रलमधील १५ एप्रिल २०१९ च्या आगीत यंत्रणेने धूर वेळेवर ओळखला होता. तेथील पद्धतीनुसार रक्षकाने प्रत्यक्ष जाऊन आग पाहिल्याखेरीज दलास बोलवावयाचे नव्हते. नियंत्रण-फलकावरील मजकुराचा अर्थ लावताना घोटाळा झाला आणि रक्षक मुख्य छपराच्या लाकडी पोटमाळ्याऐवजी शेजारच्या पूजासाहित्यगृहाच्या पोटमाळ्यात गेला. तेथे काहीच नव्हते. चूक लक्षात येऊन योग्य जागी पोहोचेपर्यंत सु. अर्धा तास गेला होता व मध्ययुगीन ओक लाकडांचे छप्पर पेटलेले होते. इमारतीची ओळख नसलेला किंवा इशाऱ्याची भाषा न समजणारा माणूस पहाऱ्यावर असला की यंत्राने मिळवून दिलेला वेळही वाया जातो.

मर्यादा : अग्निपहारा यंत्रणेची बरोबरी करू शकत नाही, हे साध्या गणिताने दाखविता येते. अग्निशास्त्रात आगीची वाढ काळाच्या वर्गाच्या प्रमाणात होते असे धरतात व वेगानुसार तिचे वर्ग पाडतात. ‘मध्यम’ वर्गातील आग ५ मिनिटांत सु. १,०५५ किलोवॉट उष्णता देऊ लागते. ‘जलद’ वर्गातील आग तेवढीच पातळी अडीच मिनिटांत गाठते. दर १५ मिनिटांनी फेरी होत असेल, तर आग दोन फेऱ्यांमध्ये केव्हाही लागू शकत असल्यामुळे ती दिसेपर्यंत सरासरी साडेसात मिनिटे जातील. तोवर मध्यम वर्गातील आग सु. २,४०० किलोवॉटपर्यंत, म्हणजे पूर्ण पेटलेल्या मोठ्या गादीच्या सोफ्याइतकी वाढलेली असेल. जलद वर्गातील आग त्याच वेळात, जळण व हवा पुरेशी असल्यास, याच्या चौपट होईल. हाती धरावयाच्या अग्निशामक उपकरणाच्या आवाक्यातील आग याहून कितीतरी लहान असते. फेरी तासाने होत असल्यास सरासरी विलंब अर्ध्या तासाचा असतो व त्या पहाऱ्याचा उपयोग फारतर नोंदवही भरण्यापुरता उरतो. वास, आवाज किंवा दुरून दिसणारा धूर यांमुळे प्रत्यक्षात आग आधीही लक्षात येते, हे खरे; परंतु बंद दाराआडची आग या सर्वांना बराच वेळ चकवू शकते.

यावरून फेऱ्यांमधील अंतर आणि माणसांची संख्या इमारतीच्या आकारावरच नव्हे, तर तिच्या वापरावर ठरली पाहिजे हे उघड आहे. रिकाम्या, कमी जळाऊ मालाच्या गोदामात एकटा माणूस पुरेल. झोपलेल्या माणसांच्या वसतिगृहात किंवा हॉटेलात पुरणार नाही. जेथील माणसे स्वतः हलू शकत नाहीत अशा जागी फिरती गस्त अपुरीच असते. भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू विशेष दक्षता कक्षात ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत १० अर्भके मृत्युमुखी पडली. ७ अर्भकांना वाचविण्यात यश आले. अशा कक्षांत शोधक यंत्रणा काही कारणाने बंद असल्यास प्रत्येक कक्षात सतत हजर असणारा माणूस आणि अर्भकांना त्वरित बाहेर नेण्याएवढे हात जवळ असणे, एवढ्यानेच पहाऱ्यास अर्थ येतो. ते शक्य नसेल तर रुग्णांना दुसऱ्या कक्षात हलविणे हाच पर्याय राहतो. पहाऱ्याचा कालावधी लांबत गेला की त्याची गुणवत्ता ढासळते, हीदेखील एक मर्यादा आहे. पहिल्या रात्री जागरूक असलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात खुर्चीवर बसलेला आढळतो. निधी मंजूर होईपर्यंत महिनोन्‌महिने चाललेला पहारा हा दुरुस्ती लांबविण्याचा मार्ग बनतो व त्यापासून मिळणारे संरक्षण नाममात्र असते.

समाप्ती : दुरुस्ती पूर्ण झाल्याचे ठेकेदाराने सांगितले म्हणून पहारा उठवीत नाहीत. झडपा पूर्ण उघड्या असल्याची प्रत्यक्ष पाहणी, नळातून पाणी सोडून दाबाची चाचणी, पंप आपोआप सुरू होतो किंवा नाही याची परीक्षा आणि इशारा नियंत्रण-फलकापर्यंत व देखरेख संस्थेपर्यंत पोहोचल्याची खात्री या गोष्टी आधी कराव्या लागतात. त्यानंतर झडपांवरील चिठ्ठ्या काढतात. यंत्रणा बंद असल्याचे ज्यांना कळविले होते त्या प्रत्येकास ती सुरू झाल्याचे कळवून तशी नोंद झाल्यावर शेवटच्या पाळीचा पहारेकरी जागा सोडतो.